सिलिकॉनची बॅटरी : फायदा कोणाचा, जोखीम कोणाची?

बॅटरीच्या धंद्यात सध्या सिलिकॉन या एका शब्दाला भलताच भाव आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील ग्रुप-१४ या कंपनीने ४६ कोटी ३० लाख डॉलर उभे केले. पुढच्याच महिन्यात सिला या दुसऱ्या कंपनीने वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक या गावी आपला कारखाना सुरू झाल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ॲम्प्रियस नावाच्या कंपनीचा शेअर २०२४ मध्ये एका डॉलरच्याही खाली घसरला होता, तोच २०२५ च्या ऑक्टोबरात दहा डॉलरच्या वर गेला. साधारण वर्षभरात दहापटीहून अधिक! अशी एक बातमी आली की तिच्या मागोमाग दहा येतात. ग्रॅफाइटचे दिवस भरले, आता सिलिकॉनचे राज्य येणार, अशा अर्थाचे मथळे मग अर्थविषयक पानांवर झळकू लागतात.

अमेरिकेतल्या या घडामोडींशी आपला काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध दोन तऱ्हेचा आहे. एक म्हणजे सिलिकॉन मिसळलेली बॅटरी आपल्यापैकी अनेकांच्या खिशात येऊन बसली आहे. गेल्या वर्षा-दीड वर्षात सात हजार मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असलेले जे चिनी बनावटीचे मोबाइल आपल्याकडे विकले गेले, त्यांपैकी बरेच या जातीचे आहेत. दुसरा संबंध अधिक नाजूक आहे. भारतात डिमॅट खात्यांची संख्या २०२५ मध्ये वीस कोटींवर गेली. राष्ट्रीय शेअर बाजाराकडे नोंदलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. यात केवळ जुने शेठजी नाहीत. शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, बँकेतील कारकून, नुकतीच आयटीत नोकरी लागलेली मुले, म्हणजे ज्यांच्या घरात या आधी कोणी शेअरचा कागदही पाहिला नव्हता अशी माणसे यात आली आहेत. आता मोबाइलवरून अमेरिकेतले शेअरही घेता येतात. तेव्हा सिलिकॉनचा हा गाजावाजा नेमका कशाचा आहे, त्यात विज्ञान किती आणि बाजार किती, हे आपण तपासून घेतले पाहिजे.

आधी विज्ञान पाहू. लिथियम बॅटरीच्या सेलला दोन बाजू असतात. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूतून निघून दुसऱ्या बाजूत जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. चार्ज झाल्यावर लिथियम ज्या बाजूत मुक्काम करते तिला ॲनोड म्हणतात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून ॲनोड कार्बनचाच आहे आणि गेली सुमारे तीस वर्षे तो प्रामुख्याने ग्रॅफाइटचा आहे. पेन्सिलीत असते तेच ग्रॅफाइट. त्याचे थर एकावर एक रचलेले असतात आणि लिथियम त्या थरांच्या मधल्या फटीत शिरते. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलीअँपिअर-तास एवढा भार साठवू शकते. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे आणि आजचे चांगले सेल तिच्या अगदी जवळ पोहोचले आहेत. सिलिकॉनचे तसे नाही. ते लिथियमला फटीत जागा देत नाही, तर त्याच्याशी संयोग करून मिश्रधातू बनवते. त्यामुळे एक ग्रॅम सिलिकॉन साडेतीन हजारांहून अधिक मिलीअँपिअर-तास साठवते. म्हणजे जवळजवळ दहापट. शिवाय ऑक्सिजन सोडला तर भूपृष्ठात सर्वांत मुबलक असलेले हे मूलद्रव्य, वाळूत आणि गारगोटीत भरलेले. गुंतवणूकदाराला कथा सांगायची तर याहून सोपी कथा सापडणार नाही.

अडचण पुढे आहे. हरभरे रात्रभर भिजत घातले की सकाळी दुप्पट होतात. सिलिकॉन पूर्ण चार्ज झाले की तिपटी-चौपटीने फुगते. ग्रॅफाइटची फूग दहा टक्क्यांच्या आसपास असते. हरभरा एकदाच फुगतो, बॅटरीतल्या सिलिकॉनला मात्र दर चार्जला फुगायचे आणि दर वापराला आकसायचे असते. काही फेऱ्यांत त्याचे कण तडकतात, भुगा होतो, विजेच्या वाटेशी त्याचा संपर्क सुटतो. आणखी एक भानगड आहे. ॲनोडच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जच्या वेळी दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर धरतो. तो ॲनोडचे रक्षण करतो. पण कण फुगला की ही साय फाटते, नवी साय धरते, आणि प्रत्येक नव्या सायीत थोडे लिथियम कायमचे खर्ची पडते. बॅटरी अशी हळूहळू रिकामी होत जाते.

हे कोडे सोडवण्यासाठी जी मेहनत झाली ती खरी आहे, ती कोणी नाकारू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा उभ्या केल्या. तारेभोवती मोकळी जागा असल्याने ती फुगली तरी तडकत नाही. हा शोधनिबंध २००७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच २००८ मध्ये ॲम्प्रियस कंपनी निघाली. जॉर्जिया टेक या सरकारी विद्यापीठातील प्राध्यापक ग्लेब युशिन आणि टेस्लाच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी जीन बर्डिचेव्स्की यांनी २०११ मध्ये सिला काढली. ग्रुप-१४ ने वेगळी युक्ती केली. कार्बनचा भोकाभोकांचा सांगाडा बनवायचा आणि सिलेन नावाचा वायू वापरून त्या भोकांत सिलिकॉन भरायचे. फूग भोकाच्या आत राहते, बाहेरचा कण तेवढाच राहतो. मोबाइलमध्ये ज्याला सिलिकॉन-कार्बन बॅटरी म्हणतात ती याच धर्तीची असते. ऑनर या चिनी कंपनीने मार्च २०२३ मध्ये आपल्या चीनमधील मोबाइलमध्ये ती प्रथम घातली. टेस्लाने तर २०१५ मध्येच मोटारीच्या बॅटरीत चिमूटभर सिलिकॉन घातल्याचे जाहीर केले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. २००७ चा शोधनिबंध, २०२३ चा मोबाइल, आणि मोठ्या प्रमाणात सिलिकॉन असलेल्या ॲनोडची सर्वसामान्याला परवडणारी मोटार २०२५ संपतानाही बाजारात नाही. पदार्थविज्ञानाचे घड्याळ असे चालते. त्याला दशके लागतात. शेअर बाजाराचे घड्याळ तीन महिन्यांचे. या दोन घड्याळांत जे अंतर पडते त्याची किंमत कोणी तरी मोजतोच. तो कोण, हा आमचा प्रश्न आहे.

हे कसे घडते त्याचा धडा २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत गिरवला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये टेस्लाने बॅटरी दिवस साजरा केला आणि इलॉन मस्क यांनी स्वस्त सिलिकॉनच्या ॲनोडची योजना मांडली. त्याच डिसेंबरात क्वांटमस्केप या कंपनीचे बाजारमूल्य फोर्ड मोटर कंपनीहून जास्त झाले. ती सिलिकॉनची नव्हे, घन बॅटरीची कंपनी, आणि तेव्हा तिने विकलेला माल शून्य. अशा काळात पैसा आत आणण्यासाठी जो दरवाजा वापरला गेला त्याचे नाव स्पॅक.

स्पॅक म्हणजे कोऱ्या धनादेशाची कंपनी. तिच्याकडे ना कारखाना, ना माल. काही नामवंत मंडळी ती काढतात, दहा डॉलरला एक या दराने लोकांना शेअर विकतात आणि सांगतात की दोनेक वर्षांत आम्ही एखादी चांगली कंपनी शोधून तिच्यात विलीन होऊ. या खटाटोपासाठी त्या नामवंतांना साधारण पाचव्या हिश्श्याचे शेअर जवळजवळ फुकट मिळतात. रूढ प्रथा पंचवीस हजार डॉलरची, म्हणजे कोट्यवधींच्या हिश्श्यासाठी एका साध्या मोटारीची किंमत. नेहमीच्या आयपीओत पुढील वर्षांच्या विक्रीचे मनोरे बांधायला कंपन्या घाबरतात, कारण खोटे ठरले तर कोर्टात उभे राहावे लागते. स्पॅकच्या विलीनीकरणात मात्र चार-पाच वर्षांनंतरच्या विक्रीचे आकडे रंगीत तक्त्यांत दाखवण्याची मुभा आहे असे तेव्हा धरले जाई. अमेरिकेच्या रोखे नियामकाने हे नियम कडक केले ते जानेवारी २०२४ मध्ये. तोवर वरात निघून गेली होती.

एनोव्हिक्स या कंपनीचेच पाहा. कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील ही कंपनी २००७ मधली. पूर्ण सिलिकॉनचा ॲनोड वापरायचा आणि पोलादी चौकटीने तो बाहेरून आवळून धरायचा, म्हणजे फुगणार नाही, ही तिची कल्पना. कल्पना हुशारीची आहे यात शंका नाही. जुलै २०२१ मध्ये ती स्पॅकमार्गे नॅस्डॅक बाजारात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस शेअर तीस डॉलरच्या पुढे गेला. पण फ्रिमाँटमधील पहिली यंत्रमालिका ठरवलेल्या वेगाने सेल काढीना. हे कंपनीने मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये शेअर दहा डॉलरच्या खाली आला. पुढे त्याच वर्षी फ्रिमाँटचे उत्पादन थांबवून ते मलेशियात पेनांगला हलवण्याचा निर्णय झाला, दीडशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२४ मध्ये कंपनीची वर्षाची विक्री सुमारे २ कोटी ३१ लाख डॉलर होती. कंपनी बुडालेली नाही, तिचे काम चालू आहे, उद्या यशस्वीही होईल. पण २०२१ च्या डिसेंबरात ज्याने शेअर घेतला त्याला या यशाचा काय उपयोग?

ॲम्प्रियसची कथा उलट्या क्रमाची आहे म्हणून ती अधिक फसवी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तीही स्पॅकमार्गेच बाजारात आली. दहा डॉलरचा शेअर दोन वर्षांत एका डॉलरच्या खाली. आज तिचा शेअर दहापट झाला असे सांगतात तेव्हा कशाच्या दहापट, हे सांगत नाहीत. जो दहाला शिरला आणि एकाला घाबरून बाहेर पडला, त्याचा पैसा या दहापटीत जिरलेला आहे. तिच्या विक्रीत खरी वाढ झाली, २०२४ मध्ये ती सुमारे २ कोटी ४२ लाख डॉलर होती आणि २०२५ मध्ये बरीच पुढे गेली. पण गिऱ्हाईक कोण? मुख्यतः ड्रोन बनवणारे, आणि एअरबसच्या झेफिरसारखी सौरऊर्जेवर आठवडेच्या आठवडे आकाशात राहणारी विमाने. ज्याला वजनातल्या प्रत्येक ग्रॅमसाठी चढा दाम मोजणे परवडते, म्हणजे लष्कर आणि लष्कराचे पुरवठादार, ते या बॅटरीचे पहिले आश्रयदाते. युक्रेनच्या युद्धानंतर ड्रोनची मागणी वाढली आणि सिलिकॉनचा बाजार तापला. हवामान बदलावरचा उपाय म्हणून ज्या मालाची जाहिरात झाली तो आधी युद्धाच्या कामी आला.

ज्या कंपन्या शेअर बाजारात नाहीत त्यांची गोष्ट निराळी. तेथे जोखीम मोठ्या निधींची आणि मोटार कंपन्यांची असते, आणि ते आपले हित जाणतात. सिलाने जानेवारी २०२१ मध्ये ५९ कोटी डॉलर उभे केले तेव्हा तिचे मूल्य ३३० कोटी डॉलर धरले होते. त्या वर्षी तिचा माल ज्या वस्तूत प्रथम विकला गेला ती वस्तू म्हणजे व्यायाम मोजणारा मनगटी पट्टा. २०२२ मध्ये मर्सिडीजने आपल्या विजेच्या जी-क्लास गाडीत सिलाचा ॲनोड देण्याचे जाहीर केले. ती गाडी २०२४ मध्ये आली, पण नेहमीच्या बॅटरीनिशी. ग्रुप-१४ मध्ये पोर्शे कंपनीने २०२२ मध्ये पुढाकार घेऊन पैसा घातला, कारण पोर्शेच्या सेलफोर्स या उपकंपनीत हे सिलिकॉन वापरायचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पोर्शेने सेलफोर्सचा स्वतः सेल बनवण्याचा बेतच गुंडाळला. ज्या महिन्यात ग्रुप-१४ ला ४६ कोटी डॉलर मिळाल्याची बातमी आली तोच हा महिना. पहिली बातमी ठळक छापली गेली. दुसरी सिलिकॉनशी जोडून कोणी वाचली असेल असे वाटत नाही.

या कंपन्यांच्या पत्रकांत एक आकडा हमखास असतो, बॅटरी किती वेळा चार्ज करता येते त्याचा. हजार वेळा, पंधराशे वेळा. तो खोटा नसतो. पण मोटार घेणाऱ्याला दुसराही आकडा लागतो. गाडी अंगणात नुसती उभी राहिली तरी बॅटरी किती वर्षे टिकते? सिलिकॉनची साय वापराविना देखील झिजत राहते आणि हे दुखणे इतके गंभीर आहे की अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने राष्ट्रीय प्रयोगशाळांना एकत्र करून त्यावरच स्वतंत्र काम सुरू केले. दहा वर्षांचे आयुष्य सिद्ध करायला दहा वर्षे लागतात, तिथे घाई चालत नाही. मोबाइल आपण तीन-चार वर्षांत बदलतो, त्यामुळे तिथे हे सिलिकॉन चालून गेले. ड्रोनचे तर आयुष्यच थोडे.

आणि ज्याच्याशी लढायचे तो प्रतिस्पर्धी जागेवर उभा नाही. ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाच्या पाहणीनुसार लिथियम बॅटरीचा सरासरी भाव २०२४ मध्ये किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता, २०२५ मध्ये १०८ झाला. ही स्वस्ताई मुख्यतः चीनमधील लोह-फॉस्फेट बॅटरीमुळे आली, आणि त्या बॅटरीत साधे ग्रॅफाइटच असते. नवे तंत्र महाग असताना जुने तंत्र दरवर्षी स्वस्त होत असेल तर नव्याला आपली जागा करायला किती वेळ लागेल, याचा हिशेब पत्रकात नसतो.

मग अमेरिकी सरकार यामागे का उभे राहिले? त्याचे उत्तर चीन हे आहे. जगातील ॲनोडचा नव्वद टक्क्यांहून अधिक माल चीनमध्ये तयार होतो. डिसेंबर २०२३ पासून चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. वाळूपासून निघणारे सिलिकॉन घरी बनवता आले तर ही नाकेबंदी सुटेल, असा वॉशिंग्टनचा हिशेब आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वीस कंपन्यांना मिळून २८० कोटी डॉलरची अनुदाने जाहीर केली. त्यात सिलाला १० कोटी, ग्रुप-१४ ला १० कोटी, ॲम्प्रियसला ५ कोटी. ही करदात्यांची रक्कम अनुदान म्हणून जाते. कंपनीचे मूल्य शंभरपट झाले तरी करदात्याच्या हाती एक शेअर येत नाही. मूळ संशोधन विद्यापीठांत झाले, त्यालाही बराचसा सरकारी पैसा लागला. जोखीम सार्वजनिक, नफा खासगी. हे सूत्र आपल्याला अपरिचित नाही.

मोझेस लेक या गावाचे येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण सिला आणि ग्रुप-१४ दोघांनीही कारखान्यासाठी तेच निवडले. कोलंबिया नदीच्या खोऱ्यातले हे शेतीचे गाव. तेथील वीज स्वस्त आहे, कारण जवळची वानापम आणि प्रीस्ट रॅपिड्स ही धरणे लोकांच्या मालकीच्या जिल्हा वीज मंडळाची आहेत. म्हणजे खासगी कंपन्यांना ओढून आणणारी गोष्ट सार्वजनिक मालकीची आहे! गावाला आणि तळ्याला नाव आहे ते मोझेस या मूलनिवासी सरदाराचे. त्याच्या लोकांना १८७९ मध्ये राखीव प्रदेश दिला गेला आणि अवघ्या काही वर्षांत तो काढून घेतला गेला. वानापम हेही तिथल्या एका मूलनिवासी जमातीचे नाव, ज्यांच्या नदीकाठच्या जागा या धरणांच्या पाण्याखाली गेल्या. जमीन घ्यायची आणि नाव ठेवायचे, ही रीत केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. याच गावात आरईसी सिलिकॉन या कंपनीचा जुना कारखाना आहे. त्याने सौर पट्ट्यांसाठी लागणारे शुद्ध सिलिकॉन पुन्हा बनवायला घेतले होते. माल गिऱ्हाइकाच्या कसोटीला उतरला नाही आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ते उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तिथल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. नऊ महिन्यांनी त्याच गावात सिलाच्या उद्घाटनाची बातमी आली.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी जे प्रश्न ठेवले त्यांतील पहिलाच मालकीचा होता, वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या. आजची बॅटरी म्हणजे साठवलेली वीज. सूर्य मावळल्यावर गावातला दिवा कोणाच्या बॅटरीवर लागणार, हा तोच प्रश्न आहे. आपल्या केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये बॅटरी सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. पहिल्या फेरीत करार झाले ते रिलायन्स, ओला आणि राजेश एक्सपोर्ट्स यांच्याशी. राजेश एक्सपोर्ट्सचा धंदा सोन्याच्या दागिन्यांचा. मालकीचा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही, अनुभवाचाही विचारला की नाही अशी शंका येते. एवढे मात्र मानले पाहिजे की या योजनेत पैसा उत्पादनानंतर मिळतो, अमेरिकेसारखा आधी नाही.

सिलिकॉनची हवा आपल्या बाजारातही शिरली आहे. कोलकात्याच्या हिमाद्री कंपनीने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिकोना या सिलिकॉन ॲनोडच्या कंपनीत हिस्सा घेतला. धोरण म्हणून ते शहाणपणाचे असेल. पण हिमाद्रीचा मुख्य धंदा डांबरी पिच आणि टायरला लागणाऱ्या काजळीचा आहे. शेअर घेणारा नेमके काय विकत घेतो आहे हे त्याला ठाऊक हवे. ओला इलेक्ट्रिकचा आयपीओ ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना आला, तो त्याच महिन्यात दीडशेच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये पन्नासच्या खाली घसरला. दीडशेला कोणी घेतले आणि कोणी विकले, याचा विचार आपल्या नोकरदार तरुणांनी करावा. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुंजी आहे त्याचे असे पैसे बुडाले तर तो हळहळतो. ज्याच्या घरात पहिलाच पगार आला आहे त्याचे बुडाले तर बहिणीचे शिक्षण थांबते, गावाकडचे घर अर्धे राहते.

म्हणून सिलिकॉनची बातमी वाचताना काही साधे प्रश्न विचारावेत. ॲनोडमध्ये सिलिकॉन किती टक्के आहे? पाच टक्क्यांनाही सिलिकॉन म्हणतात आणि शंभरालाही. गिऱ्हाइकाने नमुना घेतला आहे, करार केला आहे, की पैसे मोजून माल उचलला आहे? पत्रकात तिन्ही गोष्टी सारख्याच उत्साहाने लिहिलेल्या असतात. वर्षाची विक्री किती आणि बाजारमूल्य तिच्या कितीपट? नवे शेअर काढून जुन्यांचा हिस्सा किती पातळ केला? आणि शेअर चढल्यावर कंपनीचे संचालक विकत घेत आहेत की विकून टाकत आहेत? अमेरिकेत हे शेवटचे उत्तर नियामकाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. मोबाइलवर सल्ले देणारी मंडळी ते दाखवत नाहीत.

आता नागपूरपासून पाटण्यापर्यंत रस्त्यावर धावणाऱ्या ई-रिक्षाकडे पाहू. देशातील सर्वाधिक माणसे वाहणारे विजेचे वाहन हेच असावे, आणि त्यातल्या बहुसंख्य रिक्षांत आजही शिशाची जड बॅटरी आहे. ती वर्षभरात दम तोडते. नवी घ्यायला रिक्षावाला खासगी सावकाराकडे जातो आणि जुनी बॅटरी भंगारात जाऊन तिचे शिसे कुठल्या तरी वस्तीत उघड्यावर वितळवले जाते. त्या वस्त्यांत कोण राहते हे आपल्याला ठाऊक आहे. या रिक्षावाल्याला हलके वजन किंवा सात मिनिटांत चार्ज यांची गरज नाही. पाच-सहा वर्षे टिकणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी आजच तयार आहे आणि तिचा भाव दरवर्षी उतरतो आहे. त्याला अडसर आहे तो सुरुवातीच्या रकमेचा, बँकेच्या कर्जाचा. अठरा हजार कोटींच्या योजनेत कारखानदारासाठी तरतूद आहे. रिक्षावाल्याच्या बॅटरीच्या हप्त्यासाठी त्यात काही नाही.